चित्राबरोबर प्रश्नही हवा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

चित्रकला शिकणारी व्यक्ती आपले रेखाटन दुसऱ्यापुढे ठेवते आणि विचारते, "कसं झालंय?" या प्रश्नाला बहुधा दोनच उत्तरे मिळतात. ओळखीचा माणूस "छान आहे" म्हणतो आणि जाणकार "सराव वाढवा" म्हणतो. पहिल्याने मन सुखावते, दुसऱ्याने थोडे खट्टू होते, आणि पुढच्या कागदावर नेमके काय वेगळे करायचे ते दोन्हींतून कळत नाही. गेली बरीच वर्षे शिकाऊ चित्रकारांची रेखाटने पाहण्याचे काम मी करीत आहे. अशा निरुपयोगी उत्तरांचा दोष सहसा उत्तर देणाऱ्याच्या माथी मारला जातो. माझे मत असे की, त्यातला मोठा वाटा विचारणाऱ्याचा असतो. उपयोगी अभिप्राय मागावा लागतो आणि तो मागायचा कसा, हे रेषा मारायला शिकतो तितक्याच चिकाटीने शिकावे लागते. चित्रकलेच्या वर्गांत छायाप्रकाश शिकवतात, यथादर्शन, म्हणजे जवळचे-दूरचे दिसते तसे काढणे, शिकवतात. हे मात्र कोणी शिकवताना दिसत नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

"कसं झालंय?" हे शब्द वरवर चित्राविषयी असतात, पण ऐकणाऱ्याच्या कानावर ते काढणाऱ्याविषयीचा प्रश्न म्हणून पडतात. समोर माणूस उत्सुकतेने उभा आहे, कागदावर खोडरबराचे कण अजून तसेच आहेत, अशा वेळी "डावा खांदा उजव्यापेक्षा लांब झाला आहे" असे तोंडावर सांगायला भीड वाटते. मग तोंडदेखले कौतुक होते आणि विषय संपतो. ही अडचण फार जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन लेखक प्लिनी याने अपेलीझ या ग्रीक चित्रकाराची एक गोष्ट नोंदवून ठेवली आहे. अपेलीझ आपली चित्रे येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसतील अशी मांडून ठेवी आणि स्वतः त्यांच्यामागे लपून लोक काय बोलतात ते ऐकत असे. पादत्राणे बनवणाऱ्या एका कारागिराने चित्रातल्या पादत्राणाचे बंद कमी पडले असल्याचे म्हटले. दुसऱ्या दिवशी ती चूक दुरुस्त झालेली पाहून त्याला चेव आला आणि तो पायाच्या घडणीवरही बोलू लागला, तेव्हा अपेलीझने बाहेर येऊन त्याला पादत्राणापुरतेच बोलण्याची तंबी दिली. ही गोष्ट सांगणारे या शेवटच्या फटकाऱ्यावरच खूश असतात. मला तिचा आधीचा भाग मोलाचा वाटतो. एवढ्या नामवंत चित्रकाराने एका कारागिराचे ऐकून चित्र बदलले, कारण त्याने नेमक्या जागेवर बोट ठेवले होते आणि त्या वस्तूची त्याला रोजची माहिती होती. लोकांची भीड आड येऊ नये म्हणून अपेलीझला लपावे लागले. आपण प्रश्न नेमका केला तर तेवढा खटाटोप करावा लागत नाही.

नेमका प्रश्न म्हणजे काय, हे एका साध्या कपाच्या चित्रावरून पाहता येईल. टेबलावर ठेवलेला कप थोड्या उंचीवरून पाहून काढला आहे आणि काढणाऱ्याला तो "कुठेतरी चुकलाय" एवढेच जाणवते आहे. त्याने "कसा झालाय?" असे विचारले तर "हुबेहूब!" असे उत्तर येईल. त्याने "कपाचा तळ टेबलावर नीट बसलेला वाटतो का?" असे विचारले तर पाहणाऱ्याची नजर थेट तळाकडे जाईल आणि बहुतेक वेळा चूक तिथेच सापडेल. कप सपाट टेबलावर ठेवलेला आहे हे आपल्याला ठाऊक असते, म्हणून हात तळाशी सरळ रेषा ओढून मोकळा होतो. वरची कड मात्र दिसते तशी लंबगोल काढलेली असते. प्रत्यक्षात तळाची कडही लंबवर्तुळाचाच भाग असते, आणि कप वरून पाहत असू तर ती वरच्या कडेपेक्षा अधिक गोलसर दिसते, कारण तळ आपल्या नजरेच्या पातळीपासून अधिक खाली असतो. वरच्या लंबवर्तुळाची दोन टोके बदामासारखी टोकदार होणे ही दुसरी हमखास चूक. लंबवर्तुळाला टोक कधीच नसते, तिथेही वळणच असते. विचारणाऱ्याने "तळ" हा शब्द उच्चारला नसता तर यातले काहीच निघाले नसते आणि तो पुढचे अनेक कप तसेच अधांतरी काढत राहिला असता.

इथे कोणी म्हणेल की, चूक कुठे आहे हे कळत नाही म्हणून तर विचारायचे, मग प्रश्न नेमका करायचा कसा? आक्षेप रास्त आहे. पण चूक ठाऊक नसली तरी शंका कुठे आहे हे काढणाऱ्याला बहुतेक वेळा ठाऊक असते. ज्या जागी खोडरबर पुन्हा पुन्हा फिरला, जिथे कागदाचा पोत उडाला, जी जागा गडद छटेखाली झाकून टाकावीशी वाटली, तीच विचारण्याची जागा. केसांच्या काळ्याभोर छटेखाली न जमलेला कान दडवलेला मी किती चित्रांत पाहिला आहे! ज्याला अगदीच काही सुचत नाही, त्याने निदान विषयाची हद्द तरी आखून द्यावी: आज फक्त प्रमाणाबद्दल सांगा, छटांकडे पाहू नका, किंवा प्रमाण चुकले आहे हे मला कळते, प्रकाश एकाच बाजूने आल्यासारखा वाटतो का तेवढे पाहा. हद्द आखून दिली की उत्तर देणाऱ्यालाही हायसे वाटते, कारण आता तो माणसाचे मोजमाप करीत नसून एका छटेविषयी बोलत असतो.

अभिप्राय नेहमी हिताचाच असतो, हा समजही तपासून पाहण्यासारखा आहे. क्लुगर आणि डेनिसी या मानसशास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये अभिप्रायाविषयीच्या आधीच्या अनेक प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. सरासरीने अभिप्रायाचा फायदा होत असला तरी एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी त्याने कामगिरी उलट खालावली होती, असे त्यांना आढळले. त्यांनी लावलेला अर्थ असा की, अभिप्राय ऐकणाऱ्याचे लक्ष हातातल्या कामावरून हटून स्वतःवर गेले की त्याचा उपयोग ओसरतो. हे प्रयोग चित्रकलेपुरते नव्हते, पण अनुभव याच्याशी जुळतो. "तुझ्या हातात कला आहे" हे वाक्य ऐकल्यानंतर काही मुले अवघड विषयांना हात लावेनाशी होतात, कारण हातात कला असल्याची ख्याती त्यांना टिकवायची असते. ती मग वर्षानुवर्षे एकाच बाजूने, एकाच ठेवणीचा चेहरा काढत बसतात. (अगदी लहान मुलांची गोष्ट वेगळी. चार वर्षांच्या मुलाने हत्तीला सहा पाय काढले तर त्याला प्रमाण शिकवायला जाऊ नये. त्या दोन जादा पायांची हकिगत विचारावी.)

चित्रासोबत काय दाखवावे, याकडे तर फारच दुर्लक्ष होते. आज बहुतेक जण रेखाटनाचे छायाचित्र काढून दुसऱ्याला पाठवतात. कागद टेबलावर आडवा असतो आणि फोन हातात तिरका धरलेला असतो. अशा छायाचित्रात कागदाची लांबची बाजू आखूड होते आणि चौकोनी कागद वर निमुळता दिसतो. त्यावर चेहरा काढलेला असेल तर कपाळ आणि डोक्याचा भाग आक्रसतो. पाहणारा प्रामाणिकपणे कळवतो, "कपाळ लहान झालं आहे." काढणारा ते मोठे करतो आणि बरोबर असलेले चित्र बिघडवून बसतो. म्हणून कागद भिंतीला किंवा फळीला टेकवून उभा करावा, फोन त्याच्याशी समांतर धरावा, कागदाच्या चारही कडा छायाचित्रात येऊ द्याव्यात. त्या समांतर दिसत नसतील तर छायाचित्र पुन्हा काढावे. उजेड दिवसाचा आणि एका बाजूने येणारा असावा, आपल्याच हाताची सावली कागदावर पडू नये. पिवळ्या दिव्याखाली काढलेल्या छायाचित्रात कागदाचा पांढरा रंगच मळकट होतो आणि मग छटांबद्दलचे कोणतेही मत भरवशाचे राहत नाही.

ज्यावरून चित्र काढले तेही सोबत हवे. समोरची वस्तू असेल तर आपण बसलो होतो त्याच जागेवरून, डोळ्यांच्या त्याच उंचीवरून तिचे छायाचित्र घ्यावे. छायाचित्रावरून व्यक्तिचित्र केले असेल तर मूळ छायाचित्र दाखवल्यावाचून अभिप्राय मागणे व्यर्थ आहे. फार जवळून काढलेल्या छायाचित्रात नाक मोठे होते आणि कान मागे सरकून लहान दिसतात. काढणाऱ्याने ते इमानाने उतरवले असेल आणि पाहणाऱ्यापुढे मूळ नसेल, तर तो नाकाच्या प्रमाणाला नावे ठेवील. नाक बरोबरच आहे, निवड चुकली आहे. आणि हा शेरा अधिक उपयोगी असूनही तो कधी दिलाच जात नाही.

आपण कसे बसून चित्र काढले हेही एका वाक्यात सांगावे. ही सूचना काहींना पाल्हाळिक वाटेल, पण तिच्यामागे कारण आहे. कागद टेबलावर सपाट ठेवून वाकून काढणाऱ्याला कागदाचा वरचा भाग तिरका, म्हणजे आखूड दिसतो. नकळत तो वरचा भाग लांबवून काढतो. कागद उभा धरला की डोके लांबुळके झालेले दिसते. पाहणारा म्हणतो, डोक्याचे प्रमाण शिका. काढणारा प्रमाणाचे आराखडे पाठ करतो आणि पुढचे डोके पुन्हा लांबुळकेच येते, कारण दोष त्याच्या प्रमाणज्ञानात नसून फळीच्या कोनात असतो. फळी नजरेला काटकोनात येईल इतकी उचलली की ही चूक जवळजवळ नाहीशी होते. शेजारी उभ्या असलेल्या शिक्षकाच्या ध्यानात हे क्षणात येते. नुसते तयार चित्र पाहणाऱ्याला ते ओळखायला अंतर्ज्ञानच हवे.

विचारण्याची वेळही महत्त्वाची आहे. शिकाऊ माणूस चित्र पूर्ण करतो, सावल्या घोटून घेतो, पापण्या एकेक करून काढतो, सही ठोकतो आणि मग विचारतो. आता "दोन्ही डोळे एका पातळीत नाहीत" हे ऐकून तो करणार काय? फिकट रेषांनी ठेवण बसवलेली असतानाच विचारले तर खोडायला काही मिनिटे पुरतात आणि मनही दुखावत नाही. चुकांनाही एक उतरंड असते: आधी कागदावरची मांडणी आणि मोठे आकार, मग कोन आणि प्रमाण, मग प्रकाशाचे व सावलीचे मोठे भाग, आणि बारकावे अगदी शेवटी. वरची पायरी चुकली असताना खालच्या पायरीवर अभिप्राय घेणे म्हणजे वाकड्या भिंतीला रंग कोणता द्यावा हे विचारणे.

दुसऱ्याला विचारण्याआधी स्वतःला विचारण्याचे मार्गही आहेत आणि ते जुने, फुकटचे आणि खात्रीचे आहेत. लेऑन बात्तिस्ता आल्बेर्ती या इटालियन विद्वानाने १४३५ मधील आपल्या चित्रकलाविषयक ग्रंथात चित्राचे दोष आरशात पाहून ओळखावेत असे सांगितले, आणि लिओनार्दो दा विंची याच्या टिपणांतही हीच सूचना आहे. आरशात चित्र उलटे दिसते, डोळ्यांना झालेली सवय मोडते आणि एका बाजूला कललेला चेहरा ताबडतोब कललेला दिसू लागतो. चित्र खालचे वर करून पाहिले, डोळे किलकिले करून छटांचे मोठे गट तेवढे पाहिले, हात ताठ ठेवून आणि एक डोळा मिटून पेन्सिलीवर मापे पुन्हा घेतली, तरी बरेच काही उघडे पडते. प्रौढ माणसाच्या चेहऱ्यात डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण निम्म्यावर असतात, आणि तरीही नवशिका ते वर सरकवतो, कारण कपाळ व केसांचा भाग त्याला बिनमहत्त्वाचा वाटतो. ही चूक पट्टीने मोजता येते, त्यासाठी कोणाला तसदी देण्याचे कारण नाही. एकोणिसाव्या शतकात शार्ल बार्ग या फ्रेंच चित्रकाराने जाँ-लेऑं जेरोम या चित्रकाराच्या सहकार्याने तयार केलेले रेखाटनाचे नमुनातक्ते पाहून विद्यार्थी नक्कल करीत, त्यामागेही असाच विचार दिसतो. नमुना सपाट कागदावर असल्याने आपली रेषा त्याच्याशी थेट ताडून पाहता येते, त्यामुळे निर्णय कोणाच्या मर्जीवर राहत नाही.

एवढे करूनही काही चुका आपल्याला दिसत नाहीत. माणसांना हुबेहूब का काढता येत नाही, याचा शोध कोहेन आणि बेनेट या संशोधकांनी १९९७ मध्ये घेतला. हाताचे कौशल्य कमी असणे हे मुख्य कारण नसून समोरच्या वस्तूचे चुकीचे आकलन हे मुख्य कारण आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. ज्या नजरेने चूक केली तीच नजर तपासणीला बसवली तर ती चूक सुटून जाणारच. दुसऱ्याची नजर लागते ती एवढ्यासाठी.

ती नजर कोणाची असावी? चित्रकलेचा गंध नसलेल्या माणसालाही विचारावे, मात्र त्याला कुठे खटकते ते विचारावे, उपाय विचारू नये. पाऊण बाजूने, म्हणजे थोडा एका बाजूला वळलेला, काढलेल्या चेहऱ्याचे उदाहरण घ्या. घरातली कोणीही व्यक्ती म्हणेल, "नाक वाकडं वाटतंय." तक्रार खरी असते, तिला काहीतरी खटकले आहे. पण नाक सरळ करून प्रश्न सुटत नाही. बहुतेक वेळा काढणाऱ्याने डोक्याचा आकार पाऊण बाजूचा काढलेला असतो आणि डोळे, नाक, ओठ मात्र समोरून दिसल्यासारखे बसवलेले असतात. पलीकडचा डोळा अलीकडच्याइतकाच रुंद आणि चेहऱ्याची मध्यरेषा मधोमध. वळलेल्या चेहऱ्यावर ही मध्यरेषा गालाच्या गोलाईबरोबर वळून पलीकडे सरकते आणि पलीकडचा डोळा आखूड होतो. हे सांगायला डोक्याची घडण माहीत असलेला माणूस लागतो. तेव्हा कोणत्या जागी खटकते हे अनेकांना विचारावे आणि का खटकते हे एखाद्या जाणत्याला. पाच जणांनी पाच उपाय सुचवले म्हणून गोंधळून जाण्याचे कारण नाही. ते पाचही जण नाकाभोवतीच घुटमळत असतील तर तेवढी माहिती पुरेशी आहे.

आता अभिप्राय देणाऱ्यांविषयी थोडे. निंदकाला शेजारी घर द्यावे, ही शिकवण आपल्या अंगवळणी पडली आहे आणि तिच्या जोरावर काही मंडळी फटकळपणालाच मार्गदर्शन समजतात. शिकाऊ माणसाला निंदकाची गरज नसते, तपासनिसाची असते. "हात जमलेला नाही" ही निंदा झाली. "मनगटापासून मधल्या बोटाच्या मुळापर्यंतचे अंतर आणि मधल्या बोटाची लांबी एकदा ताडून पाहा" ही तपासणी झाली, कारण ती ऐकणाऱ्याला स्वतः पडताळता येते आणि सांगणारा चुकला असेल तर तेही उघड होते. एका बैठकीत एक किंवा दोनच गोष्टी सांगाव्यात. सगळे दोष एकदम सांगण्याने सांगणाऱ्याच्या विद्वत्तेचे समाधान होते, बाकी काही होत नाही. शब्दांऐवजी रेषेने सांगता आले तर उत्तमच: चित्रावर पारदर्शक ट्रेसिंग कागद ठेवून त्यावर दुरुस्तीची रेषा काढावी. विद्यार्थ्याच्या मूळ कागदावर आपला हात चालवण्याची पद्धत जुनी आणि प्रतिष्ठित असली तरी मला ती पटत नाही. चित्र सुधारते, पण आपले काय होते आणि काय झाले हे ताडून पाहण्याची सोय विद्यार्थ्याला उरत नाही.

लिझ लर्मन या अमेरिकन नृत्यदिग्दर्शिकेने १९९० च्या सुमारास कलाकृतीवरील चर्चेची एक पद्धत विकसित केली. तिच्यात पाहणारे आधी आपल्याला काय भिडले ते सांगतात, मग कलावंत आपले प्रश्न मांडतो, त्यानंतर पाहणारे आपले मत न मिसळता प्रश्न विचारतात आणि मते अगदी शेवटी, कलावंताची परवानगी घेऊन मांडली जातात. घरगुती रेखाटनासाठी एवढा विधी कोणी करणार नाही. पण मतापूर्वी प्रश्न हा क्रम तेवढा उचलण्यासारखा आहे. "प्रकाश कुठून येत होता?" एवढे विचारून मग सावलीवर बोलावे. कित्येकदा उत्तर देता देताच काढणाऱ्याच्या लक्षात येते की कपाची सावली डावीकडे पडली आहे आणि शेजारच्या फळाची उजवीकडे.

हा क्रम चुकल्यावर काय होते, याचा एक दाखला कलेच्या इतिहासात आहे. व्हिन्सेंट व्हॅन गॉग याने १८८५ मध्ये "बटाटे खाणारे" या आपल्या रचनेचे शिलामुद्रण, म्हणजे दगडावर रेखाटून घेतलेला छाप, आपला चित्रकार मित्र अँथॉन व्हॅन रापार्ड याला पाठवले. दोघांची ओळख १८८० पासूनची होती आणि एकमेकांच्या कामावर ते पत्रांतून भरभरून लिहीत. रापार्डने उत्तरात त्या चित्राची पिसे काढली. मागच्या बाईचा हात खोटा वाटतो, किटलीचा आणि हाताचा मेळ बसत नाही, उजवीकडच्या माणसाचा हात फार आखूड आहे, त्याला गुडघा आणि पोट आहे की नाही, अशी त्याची हजेरी चालली होती. व्हिन्सेंटने ते पत्र त्याला परत पाठवले. पुढे आणखी पत्रे झाली, पण मैत्री त्याच वर्षी संपली. रापार्डच्या आक्षेपांत तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. जागा त्याने अचूक दाखवल्या होत्या. पण त्याच्यापुढे मूळ तैलचित्र नव्हते, केवळ एक छाप होता, आणि तो छाप स्मरणातून, एका दिवसात केलेला होता हे व्हिन्सेंटने सांगितले ते वाद पेटल्यावर. छापाबरोबर तेवढ्या दोन ओळी आणि एखादा प्रश्न गेला असता तर मैत्री वाचली असती की नाही कोण जाणे, दोघांचेही स्वभाव तिखट होते. निदान भांडण चित्रावरून तरी झाले नसते.

अभिप्राय मिळाल्यावर त्याचे काय करावे, हे थोडक्यात सांगण्यासारखे आहे. तेच चित्र डागडुजी करून पुन्हा दाखवू नये. तोच विषय नव्या कागदावर काढावा, जुना कागद तारीख घालून ठेवावा आणि दोन्ही शेजारी मांडून दाखवावेत. सांगितलेली गोष्ट पटली नाही तरी एकदा करून पाहावी. करून पाहिल्यावर नाकारण्याचा अधिकार काढणाऱ्याचाच आहे. "ही माझी शैली आहे" या उत्तराबद्दल मात्र माझी थोडी कुरकुर आहे. डोळे हेतुपुरस्सर मोठे काढणे ही शैली होऊ शकते. प्रत्येक चित्रात उजवा डोळा डाव्यापेक्षा वर जात असेल आणि तो खाली आणा म्हटले तर आणता येत नसेल, तर तिला शैली म्हणता येणार नाही.

महोदय, आपल्या दैनिकाच्या पुरवणीत वाचकांची रेखाटने अधूनमधून प्रसिद्ध होतात. चित्राखाली काढणाऱ्याचे नाव आणि वय असते. वय छापल्याने "एवढ्याशा वयात!" किंवा "या वयातही!" एवढीच प्रतिक्रिया उमटते. त्या जागी, चित्र कशावरून काढले आणि काढणाऱ्याला काय विचारायचे आहे, या दोन ओळी छापाव्यात अशी माझी विनंती आहे. त्यांपैकी एखाद्या प्रश्नाला पुढच्या अंकात जाणत्या चित्रकाराकडून उत्तर मिळवून द्यावे. आठवड्याला एकच रेखाटन घेतले तरी चालेल. मात्र उत्तरासोबत त्या रेखाटनाची लहान प्रतिमा आणि तिच्यावर दुरुस्तीची रेषा वेगळ्या रंगात अवश्य छापावी, कारण खांद्याचा उतार किती कमी करायचा हे शब्दांत कितीही लिहिले तरी वाचणाऱ्याला कळत नाही.

आपला विश्वासू,
एक चित्रकला शिक्षक